व्याह्यांना कडा दाखवणे

"आमच्याकडे या, मी तुम्हाला कडा दाखवतो," असं हानुस फोनवर बोलून गेला. बोलताना त्याच्या हातात कॉफीचा कप होता, पायात लोकरीचे जाड मोजे होते आणि समोर शेगडी धगधगत होती. अशा वेळी माणूस काहीही बोलतो. पण पलीकडे डेन्मार्कात बसलेल्या व्याह्यांनी, म्हणजे बेंटने, ते वाक्य अलगद उचललं. कडा म्हणजे तो फोटोतलाच ना, खाली समुद्रात सुळका उभा आहे आणि वर पफिन पक्ष्यांची जत्रा भरलेली आहे तो? हानुस म्हणाला, तोच. पाद्र्याचं बोट म्हणतात त्या सुळक्याला. मागून विहीणबाई इंगे यांनी विचारलं, तुम्ही जाता का हो तिथे? इथे नुसतं "नाही" म्हणून सुटता आलं असतं. पण ती वेळ हानुसने कॉफीचा घोट घेण्यात घालवली आणि मग तो म्हणाला, "जातो म्हणजे काय! आमचं अंगणच आहे ते."

शेजारी त्याची बायको मार्युन स्वेटर विणत बसली होती. तिने सुया थांबवल्या, नवऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि पुन्हा विणायला लागली. हानुसला कड्यावर गेलेला तर सोडाच, कड्याच्या दिशेला तोंड करून बसलेला पाहूनही तिला बरीच वर्षं झाली होती.

आता यात हानुसचा फार दोष आहे असं मला वाटत नाही. आमच्या बेटावरच्या या हेल्लुविक गावात कामाशिवाय डोंगर चढणारा माणूस एकतर परदेशी असतो, नाहीतर त्याचं घरी भांडण झालेलं असतं. वर मेंढ्या असतात, म्हणून मेंढ्यांवाले जातात. हानुसने सारा जन्म फेरीबोटीच्या तिकिटाच्या खिडकीत काढला. निसर्गसौंदर्य पाहायला निघालेल्या हजारो लोकांना त्याने तिकिटं दिली, "धुकं नसेल तर फार सुंदर दिसतं" असं प्रत्येकाला सांगितलं, आणि खिडकी बंद करून घरी बटाटे खायला गेला. निसर्गसौंदर्याची सेवा यापेक्षा जास्त कुणी काय करणार?

पण या वेळी प्रश्न सौंदर्याचा नव्हता. लग्न ठरलं होतं, लग्नाची जागा ठरली नव्हती. हानुसची एकुलती एक मुलगी सुन्वा कोपनहेगनला नर्स होती, तिथेच तिला बेंटचा मुलगा मॅस भेटला. बेंटने आपल्या गावाजवळ एक सभागृह हेरून ठेवलं होतं. गुळगुळीत लाकडी फरशी, मोटारी लावायला ऐसपैस जागा, भाड्याचा बँड. हानुसचं मोटारींशी काही वाकडं नव्हतं. त्याचं दुखणं निराळंच होतं. आमच्याकडे लग्न म्हणजे नाच, आणि नाच म्हणजे सगळ्या गावाने हातात हात गुंफून गोल धरायचा, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे. वाद्य नाही, काही नाही, पायांनी जमीन ठोकायची. एकाने जुन्या राजाराण्यांचं लांबलचक गाणं सांगायचं आणि ध्रुवपद सगळ्यांनी उचलायचं. हे गाणं सांगणारा आमच्याकडे हानुस. एरवी चार शब्द बोलताना अडखळणारा हा गृहस्थ गोलात शिरला की त्याची छाती रुंद होते. गावातल्या प्रत्येक पोरीच्या लग्नात त्याने गाणं सांगितलं होतं, आणि आता स्वतःच्या पोरीच्या लग्नात भाड्याच्या बँडसमोर खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायच्या, हा विचार मनात आला की तो जेवता जेवता ताट बाजूला सारी. सुन्वा म्हणाली होती, ते दोघं एकदा आपल्याकडे येऊन जाऊ देत, मग जागेचं ठरवू. म्हणजे सगळं त्या भेटीवर आलं होतं, आणि हानुसच्या कृपेने भेट कड्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी ही बातमी गावभर झाली. दुकानवाल्या बिल्लाबाईंनी सांगितलं की बूट जाड तळव्याचे हवेत. निवृत्त कप्तान याकुप म्हणाले, जाड तळवा म्हणजे मृत्यू, पाय अनवाणी असावेत, निदान मोजे तरी. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईंचं म्हणणं पडलं की मुख्य गोष्ट श्वासाची, वर जाताना नाकाने घ्यावा आणि खाली येताना तोंडाने. यातलं स्वतः वर कोण कधी गेलं होतं हे हानुसने विचारलं नाही, कारण मग त्यांनीही उलट विचारलं असतं.

सराव म्हणून त्याने पाठपिशवीत बटाटे भरले आणि चर्चभोवती फेऱ्या मारायला सुरुवात केली. पहिल्या फेरीला लोकांनी खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या फेरीला दारात आले. तिसऱ्या फेरीला कप्तान याकुपांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "काय रे, बटाट्यांना हवा दाखवायला काढलंस?" त्यानंतर हानुस घरातल्या घरात स्वयंपाकघर ते माळा असा सराव करू लागला, तोही मार्युन बाहेर गेल्यावर.

मग सरकारी घोडं आडवं आलं. कड्यावर परक्या माणसांना न्यायचं तर परवानगी लागते असं कुणीतरी म्हणालं, म्हणून हानुसने शहरातल्या पर्यटन कचेरीत फोन केला. फोनवरच्या मुलीने अतिशय गोड आवाजात त्याला तीन वेळा थांबवून ठेवलं, एकदा चुकून व्हेल माशांच्या विभागाला जोडून दिलं आणि शेवटी विचारलं, आपण कुठल्या देशाचे?

"इथलाच आहे मी. हेल्लुविकचा."

ती मुलगी जरा घोटाळली. "मग तुम्हाला कड्यावर कशाला जायचंय?"

हानुसने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. ती शेवटी म्हणाली, तुमच्या कुरणप्रमुखांना विचारा, डोंगर त्यांच्या ताब्यात असतो. हानुसला नेमकं तेच टाळायचं होतं.

कुरणप्रमुख म्हणजे दान्याल. त्याचं घर गावात सगळ्यांत वरचं, डोंगराच्या पोटात अर्धं घुसलेलं. छप्पर आमच्याकडे असतं तसंच, मातीचा थर आणि वर गुडघाभर गवत, पण मागच्या बाजूने डोंगराचा उतार थेट छपराला टेकलेला. मेंढ्या चरत चरत उतरतात आणि त्याच्या डोक्यावर येऊन उभ्या राहतात. त्यामुळे दान्यालचा स्वभाव तिरसट झाला असावा. त्यात त्याचं आणि हानुसचं जुनं वाकडं, तेही एका मेंढीवरून. हानुसच्या आजीकडून आलेला कुरणाचा हिस्सा वाटण्या होत होत इतका बारीक झाला होता की त्याच्या वाट्याला दोन मेंढ्या आणि तिसरीचा एक पाय एवढाच हक्क उरला होता. उरलेले तीन पाय दान्यालचे. ही तिसरी मेंढी दोघांचंही ऐकत नसे.

"कडा बंद आहे," दान्याल म्हणाला.

"कडा कसा बंद असेल?"

"पक्षी अंड्यांवर बसलेत, कोकरं लहान आहेत. पाहुणे सोडायचे तर मालकांची सभा घ्यावी लागते. सभा हिवाळ्यात."

हानुसने छाती पुढे काढली. "मीपण मालक आहे."

"आहेस ना. दोन मेंढ्या आणि एक पाय," दान्याल शांतपणे म्हणाला.

मग मात्र त्याला काय वाटलं कोण जाणे. तो म्हणाला की मालकाला मेंढीच्या कामाला वर जाता येतं आणि हाताखाली माणसंही नेता येतात, त्याला सभा लागत नाही. आपल्या त्या तिसरीची लोकर अजून काढायची राहिली आहे, अर्धी अंगावर लोंबतेय आणि ती डोंगरभर हुंदडतेय. तिला घेऊन खाली येणार असशील तर जा. अशा रीतीने डेन्मार्कचे प्रतिष्ठित व्याही आणि विहीणबाई आमच्या कुरणाच्या कारभारात हानुसचे गडी म्हणून दाखल झाले.

मार्युनने रात्री त्याला सरळ सांगितलं की खरं काय ते बोलून टाक, कुणी फासावर देत नाही. हानुस म्हणाला, आता उशीर झाला. ती म्हणाली, विमान उतरायचंय अजून. पण हानुस कूस बदलून झोपला, निदान झोपल्यासारखा पडून राहिला.

मंडळी आली ती सुन्वाला बरोबर घेऊनच, मॅसला मात्र कामावरून सुट्टी मिळाली नव्हती. बेंट उंच, गोरापान, कपाळावर ऊन लागून लाल झालेला. त्याच्याकडे दोन काठ्या होत्या, इंगेकडे दोन. त्यांच्या पँटींना गुडघ्यावर चेन होती, ओढली की अर्धी पँट हातात येई. बेंटच्या मनगटावर एक यंत्र होतं, ते माणूस पृथ्वीवर नेमका कुठे उभा आहे ते सांगायचं. हे सगळं हानुसने एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. ही माणसं सरावलेली होती. गडी म्हणून जायचंय हे कळल्यावर तर बेंट खूशच झाला, म्हणाला, नुसतं बघण्यापेक्षा काम बरं. इंगेने मेंढीचा फोटो आहे का विचारलं.

सकाळी निघाले तेव्हा सगळ्या गावाला नेमकं त्याच वेळी कुंपण रंगवायचं सुचलं होतं. कप्तान याकुप आभाळाकडे बघून म्हणाले, दुपारपर्यंत धुकं येईल. व्याह्यांसमोर कमीपणा नको म्हणून हानुस हसला आणि म्हणाला, "येऊ दे. आमची ओळख आहे." मार्युनने त्याच्या पिशवीत रुबार्बच्या आंबट देठांचा केक ठेवला आणि सुन्वाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं.

कुरणाचं फाटक ओलांडून जरा वर गेल्यावर हानुसला दोन गोष्टी कळल्या. एक, श्वास नाकाने घ्यावा की तोंडाने हा वाद फिजूल आहे, कारण तो कुठूनच आत जात नाही. दुसरी, मार्गदर्शकाला थांबायला कारण लागतं. मग तो दर वळणावर थांबून प्रेक्षणीय स्थळं दाखवू लागला. "हा दगड बघा," तो म्हणे. बेंट ताबडतोब थांबे आणि दगडाकडे इतका वेळ बघे की हानुसला त्या दगडाबद्दल आदर वाटू लागे. इंगे फोटो काढी. एका दगडाचं नाव काय असं तिने विचारलं तेव्हा हानुस म्हणाला, मार्युनचा दगड. का? तर इथे मार्युन नावाची एक बाई नवऱ्याची वाट बघत बसायची. सुन्वा मागून म्हणाली, "आणि नवरा स्टोव्हपाशी बसलेला असायचा." हानुसने तिकडे लक्ष दिलं नाही.

खाली समुद्र पसरला होता, वर गवत वाऱ्याने लोळत होतं, ऊन पडलं होतं. खरं सांगायचं तर हानुसला मनापासून आनंद होत होता. इतकी वर्षं हे सगळं आपल्या पाठीशी होतं आणि आपण खिडकीत बसलो होतो, असं त्याला वाटून गेलं. तेवढ्यात उतारावर ती तिसरी मेंढी दिसली. अर्धी लोकर अंगावरून फाटक्या कोटासारखी लोंबत होती. तिने या चौघांकडे बघितलं, तोंडातलं गवत संपवलं आणि निवांत चालायला लागली.

पुढचा तास त्यांनी तिचा पाठलाग केला. बेंट डावीकडून, इंगे उजवीकडून, हानुस मधून "हळू, हळू" असं ओरडत, आणि सुन्वा हसत. मेंढी कधी वर नेई, कधी खाली, कधी एकाच ओढ्यावरून दोनदा उड्या मारायला लावी. आणि त्याच गडबडीत समुद्राकडून धुकं आलं. आमचं धुकं दार वाजवून येत नाही. आता आहे म्हणेपर्यंत बेंटच्या काठ्या दिसेनाशा झाल्या, मग बेंट.

"सगळ्यांनी माझ्या मागे या," हानुस म्हणाला. आवाज खंबीर होता. त्याने मनाशी हिशेब केला: मेंढीला डोंगराच्या वाटा ठाऊक असतात, मघापासून ती कड्याकडेच चालली आहे, तेव्हा तिच्या बें-बें आवाजामागे जावं. असे ते एकमेकांची पिशवी धरून कितीतरी वेळ उतरत राहिले. मग जमीन जरा सपाट झाली, पायाखाली दाट, मऊ गवत लागलं. हानुसने बेंटची एक काठी घेऊन पुढे टेकवली. ती कशालाच लागली नाही.

"थांबा," तो कुजबुजला. "कडा."

सगळे जागच्या जागी गोठले. खालून घरघर घरघर असा खोल आवाज येत होता. इंगेने घाबरून विचारलं, हे काय? हानुस म्हणाला, कड्याखाली गुहा आहेत, त्यात लाटा घुसतात. इंगे म्हणाली, मला मटण शिजल्याचा वास येतोय. हानुस म्हणाला, हजारो पक्षी एके ठिकाणी राहतात म्हटल्यावर वास यायचाच. बेंटने मनगटावरचं यंत्र डोळ्यांजवळ नेलं. "हे म्हणतंय आपण गावात आहोत."

हानुस केविलवाणा हसला. "तुमच्याकडे डोंगर नाहीत ना. त्याला सवय नाही."

बेंटला हे पटलं. त्याने यंत्र बंद केलं. चाचपडताना त्यांना एक दगडी खांब लागला. हानुस म्हणाला, वाटाड्यांनी रचून ठेवलेली खूण आहे ही, हिला सोडू नका. बेंटने हात लावला आणि चमकला. "हा गरम आहे."

हानुसने विचार केला. "आमची बेटं ज्वालामुखीची आहेत," तो म्हणाला.

सुन्वानेही खांबाला हात लावला. मग तिने तोंड फिरवलं आणि तिला खोकल्याची मोठी उबळ आली. मेंढी जवळच उभी राहून गवत खात होती. तिला कड्याची काही पडलेली नव्हती.

वेळ जाऊ लागला. इंगेचे दात वाजू लागले. हानुसला वाटलं, संपलं. सभागृह तर गेलंच, आता व्याहीही जाणार. तो काही बोलणार इतक्यात बेंटच हलक्या आवाजात म्हणाला, "हानुस, एक सांगू? मला उंचावर चक्कर येते. आमच्याकडे सगळ्यांत उंच म्हणजे पाण्याची टाकी. महिनाभर रोज तिचे जिने चढलो. मधल्या मजल्यावर बसून यायचो. तुम्ही दगड दाखवायचात ना, तेव्हा फार बरं वाटायचं."

हानुसने पाठपिशवी खाली ठेवली. "मी बटाटे घेऊन चर्चभोवती फिरायचो," तो म्हणाला. "आणि ते दगड मीपण आजच बघितले."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले, म्हणजे धुक्यात जिथे दुसऱ्याचा चेहरा असावा तिकडे. मग इंगेच्या दातांचा आवाज हानुसच्या कानावर आला आणि त्याच्यातला नाचाचा म्होरक्या जागा झाला. थंडीवर आमच्याकडे एकच औषध आहे. "हात द्या," तो म्हणाला. "खांबाकडे तोंड करा, गोल धरा. दोन डावीकडे, एक उजवीकडे. पाय आपटा, आणि काही झालं तरी हात सोडू नका."

आणि हानुस गायला लागला. आधी आवाज कापत होता. दुसऱ्या कडव्याला छाती रुंद झाली. बेंट पावलं चुकत होता, इंगे शब्द नसताना ध्रुवपद गुणगुणत होती, सुन्वा बापाच्या आवाजात आवाज मिसळून गात होती, आणि चौघांच्या पायांनी गवत दणाणत होतं. ध्रुवपद संपलं तेव्हा खालून, धुक्यातून, तेच ध्रुवपद परत आलं.

"काय प्रतिध्वनी आहे," बेंट हरखून म्हणाला.

हानुसलाही तसंच वाटलं. पुढच्या कडव्यात राणी जहाजात बसते तिथे तो एक ओळ विसरला. आजवर कधी विसरला नव्हता, पण आजवर तो कड्याच्या टोकावरही गायला नव्हता. त्याने कसंबसं काहीतरी जुळवलं, आणि तत्क्षणी खालून अनेक आवाजांनी बरोबर ओळ म्हटली. हानुस गाता गाता थांबला. प्रतिध्वनी चुका दुरुस्त करत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

त्यानंतर अगदी पायाखालून, जमिनीच्या पोटातून, एक ओळखीचा आवाज आला. "हानुस, गा बाबा, गा. पण धुराड्याभोवती इतके पाय आपटू नकोस. माझ्या रश्श्यात काजळी पडतेय."

धुकं जसं आलं तसंच गेलं. हानुस, त्याची मुलगी, त्याचे व्याही आणि विहीणबाई दान्यालच्या छपरावर धुराड्याला घेरून उभे होते. कडा म्हणजे दान्यालची वळचण होती, गुहेतल्या लाटा म्हणजे त्याचं कपडे धुण्याचं यंत्र, आणि पक्ष्यांचा वास त्याच्या पातेल्यातून येत होता. खाली अंगणात सगळं गाव गोल धरून नाचत होतं. आकाशातून हानुसचं गाणं ऐकू आलं म्हटल्यावर जो तो हातातला ब्रश टाकून धावला होता, कारण ध्रुवपद आलं की आमच्याकडे कुणाला गप्प बसवत नाही. मार्युन एप्रनसकट गोलात होती. विसरलेली ओळ सर्वांत मोठ्याने तिनेच म्हटली होती, असं नंतर कळलं.

हानुसला त्या क्षणी खरोखरच्या कड्याची फार गरज वाटली. इतक्या वर्षांची इभ्रत, तिकिटाच्या खिडकीतली आणि नाचाच्या गोलातली, सगळी दान्यालच्या छपरावर मेंढीशेजारी उघडी पडली होती. त्याने मान वर करून व्याह्यांकडे बघायचं धाडस केलं नाही. मग त्याला एक आवाज ऐकू आला. विहीणबाई गवतात बसल्या होत्या आणि हसत होत्या, इतकं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बेंट वळचणीपर्यंत गेला, वाकून बघितलं. जमीन जेमतेम पुरुषभर खाली होती. त्याने डोळे मिटले, उडी मारली, आणि सुखरूप उभा राहिल्यावर दोन्ही हात वर करून सगळ्या गावाकडे असं बघितलं की लोकांना टाळ्या वाजवाव्याच लागल्या.

छपरावरची मंडळी उतरली आणि गोल मोठा झाला. नाच संध्याकाळपर्यंत चालला. दान्यालने काजळीसकट रस्सा वाढला आणि वर म्हणाला, धुरकट वास चांगला लागतो. मेंढीची लोकर बेंटने काढली. एक पाय हानुसने धरला होता, तीन दान्यालने. जेवता जेवता इंगे बेंटला म्हणाली, ते सभागृह तू उद्या सांगून सोडून टाक. बेंट म्हणाला, बँडवाल्याला काय सांगू? ती म्हणाली, "सांग, त्याला खालून ध्रुवपद येणार नाही." मग तिने हानुसकडे वळून सरळ विचारलं, "लग्नात गाणं तुम्ही सांगाल ना?" हानुसने होकाराची मान हलवली आणि तो रश्श्यात बघत राहिला.

घरी उतरताना सुन्वाने बापाच्या हातात हात घातला. "बाबा, धुराड्याला हात लावला तेव्हाच मला कळलं होतं. लहानपणी कितीदा चढलेय मी तिथे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. तेवढ्यात तू बेंटचा हात धरलास."

पुढच्या उन्हाळ्यात लग्न आमच्याच गावात झालं. डेन्मार्कहून फेरीबोट भरून पाहुणे आले. बेंट त्यांना घोळक्याने दान्यालच्या घरामागे नेऊन दाखवी, इथे आम्ही अडकलो होतो, इथून मी उडी मारली. दर घोळक्याला उंची थोडी वाढत होती आणि दान्याल दारात उभा राहून मान डोलावत होता. त्यातल्याच एका पाहुणीने हानुसला गाठलं. तो नुकताच गोलातून बाहेर येऊन घाम पुसत होता, हातात कॉफी होती. तो कडा म्हणे फार धोक्याचा आहे, ती म्हणाली, तुम्ही जाता का हो तिथे?

हानुसने सावकाश एक घोट घेतला. "जातो म्हणजे काय!" तो म्हणाला. "आमचं अंगणच आहे ते."